थंडीच्या तोंडावर खुराड्याची तयारी

पहिल्या हिवाळ्यात मी खुराड्याची एकूण एक फट बुजवली होती. झरोक्यांना आतून प्लॅस्टिक, दाराला गोणपाट, छपराखालच्या मोकळ्या पट्टीत चिंध्यांचे बोळे. रात्री कडी लावताना फार बरं वाटलं. सकाळी दार उघडलं तर खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळत होतं, पत्र्याला आतून थेंब लटकले होते आणि अमोनियाचा असा भपकारा आला की डोळे चुरचुरले. पंधरा दिवसांत कोंबड्याच्या तुऱ्याची टोकं काळी पडली. एक हट्टी कोंबडी मात्र काही केल्या आत यायची नाही, शेडच्या आडोशाला उघड्यावरच झोपायची. तिला काही म्हणजे काही झालं नाही.

पुढे जे लिहिलं आहे ते बहुतेक त्या कोंबडीनं शिकवलेलं आहे.

कोंबडी ऊब कशी धरते

कोंबडीच्या अंगाचं तापमान 41 ते 42 अंश सेल्सिअस असतं, म्हणजे आपल्यापेक्षा चारपाच अंश जास्त. थंडी वाढली की ती पिसं फुगवून बसते. पिसांच्या थरात कोरडी हवा अडकते आणि तीच तिची रजाई. पायांना पिसं नसतात, म्हणून ती पोट टेकवून त्यांच्यावर बसते; चोच पंखाखाली खुपसते. पूर्ण पिसं आलेली धडधाकट कोंबडी शून्याच्या खालची रात्रही अशी काढते.

ही रजाई दोन गोष्टींनी निकामी होते. एक, पिसं भिजली तर. दोन, थेट वाऱ्याचा झोत लागून पिसं विस्कटली तर. तिसरा त्रास दमट हवेचा: तुरा, हनुवटीखाली लोंबणारे लाल कल्ले आणि पायाची बोटं हे उघडे भाग ओलसर राहिले की गोठायला वेळ लागत नाही. तेव्हा आपलं काम आत गरम करण्याचं कमी आणि कोरडं ठेवण्याचं जास्त आहे. आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा दोनचार अंशच जास्त असलं तरी हरकत नाही.

याला अपवाद आहेत. पिसं न फुटलेली पिल्लं, पिसं झडत असलेल्या कोंबड्या, आजारी आणि म्हाताऱ्या कोंबड्या, उघड्या मानेच्या जाती आणि रेशमासारख्या मऊ पिसांची सिल्की. सिल्कीची पिसं पाणी अडवत नाहीत, ती चिंब होते. यांच्यासाठी एखादा कोपरा वेगळा काढावा लागतो.

पहिलं काम: दिवसा आत शिरून दार लावून घ्या

थंडी पडायच्या महिना-दीड महिना आधी, लख्ख उन्हाच्या वेळी खुराड्यात शिरा आणि दार ओढून घ्या. खुराडं छोटं असेल तर निदान डोकं तरी घाला. कुठून उजेड येतो ते पाहा. कोंबड्या बसतात त्या उंचीवर आणि त्याच्या खाली जिथून उजेड येतो त्या फटी बुजवायच्या. डोक्याच्या वरच्या राहू द्यायच्या. खडूनं खुणा करत गेलात तर नंतर शोधाशोध होत नाही.

मग छपरावर बादलीभर पाणी ओता आणि आतून पाहा. पत्र्याच्या खिळ्यांपाशी आणि जोडांवर हमखास गळतं. बिजागऱ्या, कड्या, कोयंडे हलवून बघा. थंडीत बाहेर खायला कमी मिळतं, त्यामुळे उंदीर-घुशींपासून मुंगसा-कोल्ह्यांपर्यंत सगळ्यांची नजर खुराड्याकडे वळते. उंदराला करंगळी जाईल एवढं भोक पुरतं. अशा भोकांत कापूस-कापड कोंबू नका, ते कुरतडलं जातं. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी ठोका. षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबडी आत ठेवते, पण दात असलेल्या पाहुण्याला बाहेर ठेवत नाही.

दुसरं: रिकामं करून झाडणं आणि किडींचा समाचार

जुनी गादी (म्हणजे जमिनीवर अंथरलेला साली-तुसाचा थर), घरट्यांतला पेंढा सगळं बाहेर काढा. भिंती खरवडा, धुतलंत तर दोन दिवस ऊन-वारा देऊन खडखडीत वाळू द्या. ओल्या लाकडावर नवी गादी अंथरणं म्हणजे सगळं मुसळ केरात.

माइट्स, म्हणजे कोंबड्यांचं रक्त पिणाऱ्या बारीक किडी, बघायला रात्री टॉर्च घेऊन जा. एक लाल जात दिवसा कोंबड्या रात्री बसतात त्या दांडीच्या खाचेत लपते आणि रात्री रक्त पिते. दांडीच्या खालच्या बाजूनं पांढरा कागद घासून पाहा. लाल ओघळ उठला तर समजा. दुसरी जात कोंबडीच्या अंगावरच राहते आणि थंडीत उलट जास्त फोफावते, म्हणून शेपटीखालची पिसं बाजूला सारून पाहायचं. काही सापडलं तर औषध जनावरांच्या डॉक्टरांना विचारूनच, कारण अंडी खायची की नाहीत हा प्रश्न त्याला जोडलेला असतो.

कोंबड्यांना मातीत लोळायला लागतंच, आणि ओल्या किंवा गोठलेल्या जमिनीत लोळता येत नाही. छपराखाली एका पसरट पेटीत कोरडी माती आणि वाळू भरून ठेवा. ही माती आत्ताच, कोरडी मिळते आहे तोवर साठवायची.

तिसरं: झरोके

इथे घाई करू नका. नवखे लोक सगळ्यात जास्त इथेच चुकतात. मीही चुकलोच की.

एक कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते. दहा कोंबड्या म्हणजे दोन-अडीच लिटर. यातलं अंड्यात जातं ते थोडं; बाकीचं श्वासातून आणि विष्ठेतून बाहेर येतं. ताज्या विष्ठेत जवळजवळ तीन चतुर्थांश पाणीच असतं. हे सगळं पाणी वाफ होऊन बाहेर पडलं नाही तर ते थंड पत्र्यावर जमतं आणि पाठीवर टपकतं.

ओलसर ऊबदार हवा वर चढते, म्हणून झरोके वर हवेत: छपराच्या वळचणीखाली, दांडीवर बसलेल्या कोंबड्यांच्या डोक्याच्या बरेच वर, आणि शक्यतो समोरासमोरच्या दोन्ही बाजूंना. वळचण बाहेर आलेली असेल तर पावसाचा किंवा बर्फाचा शिडकावा आत येत नाही. कोंबडीमागे एक चौरस फूट उघडी जागा असा ठोकताळा बरेच जण धरतात. तेवढी ठेवा आणि त्यावर सरकत्या फळ्या लावा, म्हणजे वादळी रात्री वाऱ्याच्या बाजूची फळी लावता येते. सगळ्या मात्र कधीच लावायच्या नाहीत. सगळ्या झरोक्यांना जाळी हवीच.

झोत कुठे लागतो ते कळायला वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी दांडीवर बांधा आणि वारा असलेल्या दिवशी पाहा. पट्टी फडफडली तर कोंबडीची पिसंही उडणार. तिथली फट शोधा. छताजवळ दुसरी पट्टी बांधा. ती हलकेच हलायला हवी. दोन पट्ट्या, दोन मिनिटं, आणि महागड्या सल्ल्याची गरज नाही.

पहिल्या थंड सकाळी उजाडताच जाऊन काचेवर हात फिरवा. हात ओला झाला तर झरोके कमी आहेत. मग खाली वाका, गुडघ्यापेक्षाही खाली, कोंबडीच्या नाकाच्या उंचीवर, आणि श्वास घ्या. रोज जाणाऱ्याच्या नाकाला वास सवयीचा होतो, त्यामुळे अधूनमधून घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी वाकायला लावा. डोळ्यांना चुरचुर जाणवेपर्यंत कोंबड्यांच्या श्वासनलिकेचं नुकसान सुरू झालेलं असतं.

चौथं: दांडी

गोल, बारीक दांडी उन्हाळ्यात चालते. थंडीत रुंद पट्टी चांगली: साधारण चार इंच रुंद, वरून सपाट, कडा पॉलिश पेपरनं गोल केलेल्या. अशा पट्टीवर बोटं सरळ राहतात आणि वरून पोटाच्या पिसांनी पूर्ण झाकली जातात. बारीक दांडीला विळखा घालणारी बोटं खालून उघडी पडतात. लोखंडी पाइप नको, तो पायातली ऊब ओढून घेतो. प्रत्येकीला 20 ते 25 सेंटीमीटर जागा धरा. प्रत्यक्षात त्या एकमेकींना खेटून निम्म्या जागेतच झोपतील, पण कुणाशेजारी झोपायचं यावरून रोज संध्याकाळी जी भांडणं होतात त्यांना ऐसपैस जागा लागते.

दांड्या घरट्यांपेक्षा उंच असू द्या, नाहीतर त्या घरट्यातच झोपतात आणि अंडी घाणीत पडतात. दांडीखाली फळी बसवून रोज सकाळी खरवडली तर रात्रभरची विष्ठा गादीत जातच नाही. पाच मिनिटांचं काम आहे. बहुतेक जण आठवडाभर करतात आणि मग सोडून देतात, सोडू नका.

पाचवं: गादी

गादी दोन प्रकारे सांभाळता येते. थोडी अंथरायची आणि दर आठवड्याला बदलायची, किंवा जाड अंथरून हिवाळाभर तिच्यावर भर घालत राहायचं. दुसरी पद्धत थंडीसाठी मला जास्त पसंत आहे, फक्त तिला रोज लक्ष लागतं.

सुरुवात 10 ते 15 सेंटीमीटर थरानं करा. सुताराच्या रंध्याखालून निघणाऱ्या लाकडाच्या साली सगळ्यात चांगल्या. तूस चालतं. करवतीचा बारीक भुसा धुळीचा असतो, तो एकटा नको. लांब पेंढा ओलीनं एकमेकांत चिकटून चटईसारखा बसतो आणि खाली बुरशी धरतो. वापरायचाच तर बोटभर लांबीचा कापून, सालींत मिसळून. बुरशीचा वास येणारं काहीही आत नेऊ नका.

विष्ठेत नायट्रोजन भरपूर आणि लाकडात कार्बन. दोन्ही मिसळून हवा लागत राहिली की सूक्ष्मजीव कामाला लागतात आणि गादी हळूहळू कुजते, त्यात थोडी ऊबही निर्माण होते. ही ऊब खुराडं तापवण्याइतकी नसते, पण पायाखालची जमीन बर्फासारखी राहत नाही. यासाठी दर एकदोन दिवसांनी दाताळ्यानं गादी वरखाली करायची. दाताळं नको असेल तर संध्याकाळी मूठभर दाणे गादीत भिरकावा, कोंबड्या स्वतःच उकरून ठेवतात. दर आठवड्या-दोन आठवड्यांनी नव्या सालींचा थर. हिवाळा संपेपर्यंत गादी फूटभर होते, म्हणून दारात आडवी फळी आधीच लावून ठेवा. नाहीतर दार उघडलं की गादी बाहेर.

ओल तपासायची ती मुठीत. गादीची मूठ आवळा आणि सोडा. भुरभुरत पडली तर उत्तम. किंचित धरून मग फुटली तरी ठीक. लाडू वळला आणि तसाच राहिला तर तेवढा भाग फावड्यानं बाहेर काढा आणि ओल कुठून आली ते शोधा: पाण्याचं भांडं, गळकं छप्पर किंवा दारातून येणारा शिडकावा. ओल्यावर कोरडं टाकून झाकणं म्हणजे आठवड्यानं दुप्पट वास. आणि गादीवर कळीचा चुना कधीच टाकू नका, तो पाय आणि डोळे भाजतो.

सहावं: बाहेरचं आवार

थंडीतही कोंबड्यांनी दिवसा बाहेर यावं. दिवसभर आत कोंडल्या की कंटाळून एकमेकींची पिसं उपटायला लागतात, आणि एकदा रक्त दिसलं की ते थांबवणं कठीण जातं.

ज्या बाजूनं वारा येतो त्या बाजूच्या जाळीवर ताडपत्री किंवा जाड प्लॅस्टिक ताणून बांधा, साधारण कंबरेएवढ्या उंचीपर्यंत. वरचा भाग मोकळा. सैल बांधलेली ताडपत्री रात्रभर फडफडते, तिचा आवाज कोंबड्यांना भिववतो आणि वारा तिला फाडतोच. पट्टी ठेवून खिळे मारा. आवाराच्या निदान निम्म्या भागावर छप्पर हवं. बर्फ पडणारा मुलुख असेल तर वरची नुसती जाळी बर्फाच्या वजनानं खांबांसकट खाली येऊ शकते, तेव्हा मध्ये टेकू द्या आणि बर्फ साचू देऊ नका. जमिनीत चिखल होत असेल तर लाकडाच्या चिपा किंवा जाड वाळू टाका. कोंबड्यांना बर्फावर चालायला आवडत नाही; दारापासून थोडी वाट झाडून तिच्यावर पेंढा पसरला तर बिचकत बिचकत का होईना, बाहेर पडतात. एकदोन ओंडके उभे ठेवलेत तर त्यावर बसून ऊन खातात.

सातवं: पाणी

पाणी गोठलं की कोंबडी खाणंही कमी करते आणि अंडी लगेच थांबतात. दोन भांडी ठेवायची, एक बाहेर आणि एक घरात, आणि सकाळ-दुपार अदलाबदल करायची. जाड रबराचं काळं घमेलं या कामाला फार सोयीचं: उलटं करून लाथ घातली की बर्फाची चकती निघून पडते, घमेलं फुटत नाही. वीज असेल तर भांड्याखाली ठेवायची तापती तबकडी मिळते. निपलचे पाइप (चोचीनं टोचलं की थेंब सोडणाऱ्या तोट्यांचे) सगळ्यात आधी गोठतात.

भांडं शक्यतो गादीपासून दूर, आवारात छपराखाली ठेवा. अंधारात कोंबड्या पाणी पीत नाहीत, त्यामुळे उजाडताच दार उघडणार असाल तर रात्री आत पाणी लागत नाही. भांडं पसरट असेल तर मध्ये दगड ठेवा, म्हणजे कल्ले पाण्यात बुडत नाहीत. पाणी गोठू नये म्हणून त्यात मीठ वगैरे मिसळायचा मोह आवरा. मिठाचं पाणी कोंबड्यांना विषासारखं आहे.

खाणं आणि उजेड

अंड्यावरची मध्यम आकाराची कोंबडी एरवी दिवसाला 100 ते 120 ग्रॅम खाद्य खाते. थंडीत भूक वाढते, तिला खाऊ द्या. पिसं बहुतांशी प्रथिनांचीच असतात, म्हणून पिसं झडून नवी येण्याच्या दिवसांत नेहमीच्या 16 टक्क्यांऐवजी 18 ते 20 टक्के प्रथिनांचं खाद्य द्यावं. झोपायच्या तासभर आधी थोडा मका द्या. भरल्या पोटी रात्र सोपी जाते. मूठभरच. मक्यावर माजलेली कोंबडी वसंतात अंड्याला अडते. शिंपल्याचा चुरा आणि बारीक खडे वेगळ्या भांड्यात.

अंडी कमी होतात ती मुख्यतः दिवस लहान झाल्यामुळे. दिवसाला 14 तास उजेड मिळाला तर अंडी बऱ्यापैकी चालू राहतात. बल्ब लावायचा तर टायमरनं पहाटेच्या बाजूला लावा. संध्याकाळी लावलात आणि तो अचानक विझला तर कोंबड्या जमिनीवरच अडकतात, त्यांना अंधारात दांडी दिसत नाही. मी लावत नाही. वर्षभर राबल्यावर दोन महिने सुट्टी त्यांनाही असावी.

गरम करावं का?

मोठ्या कोंबड्यांसाठी माझं उत्तर: नको. तापवणारे लाल दिवे कोरड्या सालींवर टांगलेले असतात, एक फडफड आणि खुराडं पेटतं. शिवाय उबेत राहिलेल्या कोंबड्यांना थंडीची सवय होत नाही. वीज गेली की एका रात्रीत हाल. न फुटणारे म्हणून टेफ्लॉनसारखं लेपन दिलेले बल्ब मिळतात, त्यांच्या तापण्यातून निघणारा वायू पक्ष्यांना मारतो. कोळशाची शेगडी तर बंद खुराड्यात कधीच नको. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि सकाळी सगळ्या कोंबड्या दांडीखाली पडलेल्या दिसतात.

पिल्लांची गोष्ट वेगळी. त्यांना पहिल्या आठवड्यात 35 अंशांच्या आसपास ऊब लागते आणि मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत न्यायची. त्यासाठी दिव्यापेक्षा पायांवर उभी राहणारी सपाट तापती पाटी बरी, पिल्लं तिच्याखाली शिरून बसतात. आणि कोंबड्यांना स्वेटर घालू नका. फोटो छान येतो, पण स्वेटरनं पिसं दबतात आणि त्यांना फुगताच येत नाही.

तुरा गोठला तर

मोठा, उभा, एकेरी तुरा असलेले कोंबडे आधी सापडतात. तुऱ्याची टोकं आधी फिकट, राखाडी दिसतात, मग सुजतात, मग काळी पडतात. चोळू नका. हेअर ड्रायर नको, चुलीजवळ नेऊ नका. कोरड्या, वारा नसलेल्या, माफक उबेच्या जागी टोपलीत ठेवा. पाय गोठले असतील तर कोमट पाण्यात, आपल्या अंगाएवढ्या उबेच्या, पंधरा-वीस मिनिटं बुडवा आणि नीट टिपून कोरडे करा. पुन्हा गोठतील अशा जागी त्याच दिवशी परत सोडू नका. काळं पडलेलं टोक कापायचं नाही. त्याच्याखाली जिवंत भाग भरून येत असतो, काळं आपोआप गळतं. दुर्गंधी, पू किंवा लंगडणं दिसलं की डॉक्टर. तुऱ्याला पेट्रोलियम जेली लावणारे पुष्कळ आहेत. लावा हवं तर, पण झरोके बंद ठेवून जेली लावण्यात अर्थ नाही.

हिवाळाभर रोजची फेरी मग छोटी राहते: उजाडताच दार, काच, वास, पाणी, दुपारी अंडी, कारण गोठलेलं अंडं तडकतं, अंधार पडताना टॉर्चनं दांडीवर मोजणी. एखादी वेगळी, मान आत ओढून बसली असेल तर तिला उचलून छातीचं हाड चाचपा. पिसांमुळे रोडावलेली कोंबडीही गुबगुबीत दिसते, हाताला मात्र ते हाड सुरीसारखं लागतं.

गादी बाहेर काढायची ती हवा उघडी-कोरडी झाल्यावर. लगेच वाफ्यात घालू नका, ताजी गादी रोपं जाळते. ढीग करून, ओलसर ठेवून, अधूनमधून उलटत काही महिने कुजू द्या. आणि फूटभर थरातला तळाचा एखादा घमेलंभर कोरडा भाग बाजूला ठेवा: पुढच्या हिवाळ्याच्या नव्या गादीत तो विरजणासारखा मिसळायचा.